कागदावर पिकलेले वाल

पेण,
१८ जानेवारी २०२५

प्रिय हैबत,

शेंगांचं पोतं पोचलं. भांबुर्ड्याचा पाला वेगळा बांधून दिलास, ही अक्कल तुझीच. सरोजिनीने पोपटीसाठी शेंगा पाल्यात घालून गच्चीवर मडकं भाजायला लावलं, तर धूर बघून सोसायटीचे सेक्रेटरी धावत वर आले. पानभर पोपटी हातात ठेवली, तेव्हा तक्रार गिळून खाली गेले.

तुझा फोन येऊन गेला. पण यंत्र कानात घातलं की मला पंखा ऐकू येतो, माणूस नाही. म्हणून हे पत्र. पोस्टातली मुलगी म्हणते, आजोबा, तुम्ही दोघं आहात म्हणून आमचं आंतर्देशीय खपतं.

काल टीव्हीवर एक गृहस्थ तावातावाने सांगत होते की ज्यांची कमाई वर्षाला कोटींत आहे त्यांच्याकडून निम्मं घ्या. मी भरल्या ताटावरून उठलो. आमच्या सुश्रुतचं उदाहरण घे. मुंबईत स्वतःची कंपनी, तीनशे माणसं पोसतो. अकरा महिन्यांत आईला भेटायला सवड झालेली नाही. वरच्या टप्प्यात शंभरातले चाळीसच्या आसपास आजच कापले जातात, आणि आता म्हणे पन्नास. मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. हुशार पोराला छड्या मारून वर्ग सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.

तुला काय वाटतं? दुसरीत शाळा सुटली आणि पुढे खताच्या पोत्यांवरची अक्षरं लावत तू वाचायला शिकलास. तुझं मत कुणी घडवून दिलेलं नाही, म्हणून विचारतो.

तुझा,
मोरोपंत

*

वरचीवाडी, ता. रोहा,
२७ जानेवारी २०२५

मोरोपंतांस हैबतचा नमस्कार, वहिनींनाही.

ताटावरून उठू नका हो. सरकार तिकडं, भात इकडं, भाताचा काय दोष?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या गावाची पाटदुरुस्तीची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पण पेणला जाऊन पन्नास वर्षं झाली, विसरला असाल. खळ्यावर रास पडली की गावची दोन माणसं येतात. मोठ्या राशीवाल्याने सूप भरून द्यायचं, मधल्याने पायली, आणि ज्याचं सगळं धान्य एका टोपलीत मावतं त्याने मूठ. मी लहान असताना एक बडा शेतकरी तुमच्यासारखाच अडून बसला. म्हणाला, "घाम मी जास्ती गाळला, तर दंड मलाच का?" तेव्हा आमची बायजाआत्या खळ्याच्या कडेला शेण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "घाम तुजा हाय, व्हय. पाणी कोनाचं रं?" त्याने सूप भरलं.

आणि या रीतीत लबाडी चालत नाय, कारण रास उघड्यावर असते. येणारा-जाणारा बघतो. तुमच्या त्या कोटीवाल्यांची खळी कुठं असतात ते काय मला माहीत नाय. तेव्हा चाळीस घ्यावे का पन्नास, हे मी काय सांगू. ज्याची रास मोठी त्याने सूप भरावं, एवढं मला कळतं.

इकडची एक गंमत ऐका. नात पिंकी रोह्याला कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा बाप, माझा सुजय, धाटावच्या कारखान्यातल्या शिफ्टवरून येताना अपघातात गेला, त्याला येत्या मेमध्ये तीन वर्षं होतील. तेव्हापासून तिच्या कागदांवर पालक म्हणून माझीच सही असते. यंदा तिची फीची सवलत नाकारली. का, तर माझ्या नावावर वर्षाला अकरा लाख रुपये मजुरी दिसते. मी खिडकीवरच्या बाईंना पाय दाखवला. म्हटलं, "ताई, अकरा लाखाची मजुरी करनारा मानूस असल्या चपला घालून येईल का?" त्या हसल्या, पण अर्ज परत दिला. फीसाठी गाईची वासरी विकली. मशीन चुकलं असेल. माणूस चुकतो, मशीन का नाय चुकणार?

तुमचा,
हैबत

*

पेण,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय हैबत,

बायजाआत्याचं उत्तर सरोजिनीला वाचून दाखवलं. ती अजून अधूनमधून हसते आहे. पण माझं म्हणणं ऐक. सूप भरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पाट दुरुस्त झालेला दिसत होता. सुश्रुतला काय दिसतं? पेणहून हमरापूरला जायचं तर खड्ड्यांपायी गणपतीच्या मूर्ती पेंढ्यात बांधतात तसं स्वतःला बांधून घ्यावं लागतं. दिलेलं कुठे जातं ते दिसेना झालं, की देणाऱ्याचा हात आखडतो. हे मी मुलाची बाजू म्हणून लिहीत नाही.

पिंकीच्या फीचं ऐकून वाईट वाटलं. सुश्रुतच्या कानावर घातलं. "बघतो" म्हणाला.

आता आनंदाची बातमी. चार वर्षांपूर्वी तू कसतोस त्या अडीच एकराचं बक्षीसपत्र त्याच्या नावे केलं, तेव्हा वाटलं होतं की कागद कपाटात जाईल आणि जमीन डोक्यातून. पण गेल्या आठवड्यात त्याने आपणहून शेताची चौकशी केली. हैबतकाका अजून स्वतः राबतात का, वाल कधी काढतात, सगळं विचारलं. सरोजिनीने फोन ठेवून हे सगळं सांगितलं, तेव्हा मला भरून आलं. माती ओढते म्हणतात ते खोटं नाही.

त्याच्या सीएच्या ऑफिसातला मितेश नावाचा मुलगा शेताचे काही कागद घेऊन तुझ्याकडे येईल. दरवर्षी मी इथे देखरेख करणारा म्हणून सही करतो, यंदा कसणाऱ्याचीही लागते म्हणाले. तो दाखवील तिथे सही कर.

तुझा,
मोरोपंत

*

वरचीवाडी,
२० फेब्रुवारी २०२५

मोरोपंतांस नमस्कार.

मितेश येऊन गेला. पोरगा गुणी आहे, पण बूट पांढरे घालून आला. बांधावर पाय ठेवला आणि घोट्यापर्यंत गेला. पिंकीने पाय धुवायला पाणी दिलं.

कागद पुढं करून म्हणाला, "काका, इथं सही." मी खिशातून चष्मा काढला. तो म्हणाला, "वाचायचं काय त्यात, रुटीन आहे." म्हटलं, "बाबा, तू बालवाडीत वाचायला शिकलास, म्हनून तुला कंटाळा. मी पन्नाशीत शिकलो, मला अजून मजा येते. तू चा घे." तर तो मोबाईलला रेंज शोधत आंब्याखाली गेला.

पंत, काय सांगू. कागदावर लिहिलं होतं की मी, हैबतराव, सदर अडीच एकरात वाल आणि भाजीपाला पिकवतो आणि त्याचं गेल्या सालचं उत्पन्न एक कोटी चाळीस लाख रुपये आलं. मला आधी वाटलं चष्म्याला पाणी लागलंय. पुसून परत वाचलं. पिंकीकडून मोठ्याने वाचून घेतलं. ती हसायला लागली, आणि मधेच थांबून तिने आकडा परत वाचला.

टाइप करणाऱ्या पोरीचं बोट शून्यावर अडकलं असणार. पण सरकारी कागद, चूक तशीच गेली तर उद्या सुश्रुतबाबा अडचणीत यायचा. तेव्हा मी पेन घेतलं, आकड्यावर एक सरळ रेघ मारली, खोडलेलं खाली वाचता यावं अशी, तुम्हीच शिकवलेलं. बाजूला नीट अक्षरात लिहिलं: "भात चाळीस पोती, वाल सहा पोती. अर्धे मालकास, अर्धे कसणारास. मालकाच्या वाट्याची विक्री नाही, घरी खाण्यास जातात. भाजीपाला नाही, कारण मार्चनंतर पाणी नाही." खाली सही, तारीख, घडी घालून पाकिटात घातलं. मितेशने पाकीट बॅगेत टाकलं आणि गेला.

टाइपवाल्या पोरीला रागावू नका म्हणावं. चूक वेळेत सापडली हे बरं झालं.

तुमचा,
हैबत

*

पेण,
१५ मार्च २०२५

हैबत,

तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सरोजिनीला सुश्रुतला फोन करून सांगायला लावणार होतो, की कागदात चूक होती, हैबतने दुरुस्त केली. सरोजिनी म्हणाली, राहू दे, तो कामात असेल.

परवा तो स्वतःच आला. तेरा महिन्यांनी आला, चपला न काढता. त्या सीएच्या ऑफिसाने शेवटच्या तारखेला तुझं पाकीट न वाचता स्कॅन करून आयकर खात्याला पाठवलं. खात्याने नोटीस काढून शेतीच्या उत्पन्नाचा पुरावा मागितला होता, त्याचं उत्तर म्हणून. आता खात्याकडे तुझ्या अक्षरात लिहिलेली सहा पोती आहेत.

मी म्हटलं, मग बरंच झालं की, चूक होती ती निघाली. त्याने माझ्या वहीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, कारण ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. "चूक नव्हती, बाबा."

हैबत, शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. म्हणून धंद्यातली कमाई आपल्या शेतातून आली असं दाखवायचं. चार वर्षं चाललंय. पहिल्या वर्षी तीस लाख, मग साठ, मग नव्वद. बक्षीसपत्र त्यासाठी मागून घेतलं होतं. आणि चारही वर्षांच्या कागदांवर "माझ्या देखरेखीखाली पीक घेतले" म्हणून मोरोपंतांची सही आहे. मी एकदाही वाचलं नाही. मी, ज्याने आयुष्यभर पोरांना सांगितलं की वाचल्याशिवाय सही करू नका.

त्याला लाज वाटत नाही, याचाच मला जास्त धक्का बसला आहे. म्हणाला, "बाबा, तुम्हीच म्हणता ना चाळीस टक्के जास्त आहेत? मी फक्त ते योग्य आकड्यावर आणले." माझंच वाक्य माझ्याच घरात, माझ्या खुर्चीवर बसून.

आता जे लिहितो ते लिहवत नाही. वकील म्हणतात, एकच वाट आहे. तू लिहून द्यायचंस की वयामुळे तुझी स्मृती ठीक नाही आणि आकडे गोंधळात लिहिले गेले. नवा कागद घेऊन मितेश येईल. सही दिली नाहीस तर सुश्रुतला दंड होईल, कदाचित खटला, आणि माझ्या चार सह्यांचंही काय ते होईल. सरोजिनीला झोप नाही. पोटचा पोर आहे रे. एवढं कर.

मोरोपंत

*

वरचीवाडी,
२२ मार्च २०२५

मोरोपंतांस नमस्कार.

पत्र पिंकीने वाचलं, मग मी वाचलं, मग परत मी वाचलं. त्या दिवशी गुरं सोडायची राहिली.

मितेश काल आला. या खेपेला काळे बूट. कागद छान आहे. त्यात लिहिलंय की मला दिवस, वार, माणसं ओळखू येत नाहीत. मी त्याला विचारलं, "मग मी तुला वळखला कसा?" त्याची नोकरी आहे, त्याच्यावर राग नाय.

पण पिंकी त्याच्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "एक कोटी चाळीस लाखाचं पीक दाखवलंत, तर मजुरीचा खर्चपन दाखवला असेल ना? तो कोनाच्या नावावर?" मितेश म्हणाला, "ताई, खर्चाच्या बाजूला काहीतरी दाखवावं लागतं, नायतर खरं वाटत नाही." "किती?" "अकरा लाख." फीच्या खिडकीवर माझ्या नावावर निघाला होता, तोच आकडा. बँकेत खातं उघडून देतो म्हणून चार वर्षांपूर्वी सुश्रुतबाबाने माझ्या आधारकार्डाची आणि पॅनकार्डाची झेरॉक्स नेली होती. खातं काय उघडलं नाय, मी विसरून गेलो होतो.

पंत, सरकारला किती द्यावं हा तुमचा-आमचा वाद चालू होता, तो मोठ्या माणसांचा वाद आहे. मला वाटायचं बड्यांनी कर बुडवला तर ते बडे आणि सरकार बघून घेतील, आपल्या अंगणात काय त्याची वाफ येत नाय. आता कळलं की ती आमच्या गोठ्यापर्यंत आली आणि वासरी घेऊन गेली.

तरी मी नाय म्हणत नाय. तुम्ही मला कधी काही मागितलं नाय. सुजयच्या वेळी तुम्ही चार दिवस इथं अंगणात बसून होता, ते मी या जन्मात फेडणार नाय. वेडा म्हणवून घ्यायला मला लाज कसली? गावात निम्मे आधीच म्हणतात. एकच अडचण आहे. पिंकीच्या अर्जावर पालकाची सही माझी. वेड्याची सही पुढच्या वर्षी कोण घेईल?

आणि एक मागणं आहे. मितेशच्या कागदावर मी सही करणार नाय, तो टाइप केलेला आहे, टाइप कोणाचंही असतं. तुम्ही तुमच्या अक्षरात लिहून पाठवा. "हैबतचं डोकं ठिकाणावर नाही, त्याने लिहिलेलं खोटं आहे." एवढंच. तुमचं अक्षर मी कुठंही ओळखीन. त्याच्याखाली मी डोळे मिटून सही करतो आणि उलट टपाली पाठवतो. दोन दिवस कामं बाजूला ठेवून टपालवाल्याची वाट बघेन.

तुमचा,
हैबत

*

पेण,
६ एप्रिल २०२५

प्रिय हैबत,

दोन दिवस नाही, दोन आठवडे वाट पाहायला लावली.

लिहायला बसलो होतो. खरंच बसलो होतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. चांगला कोरा कागद घेतला. "हैबतचं डोकं" इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. दुसरा कागद घेतला. सरोजिनी दारात उभी होती. तिला मी तोवर अकरा लाखांचं आणि वासरीचं सांगितलं नव्हतं, तुझं पत्र वाचायला दिलं. ती वाचून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. बाहेर आली तेव्हा नेसून तयार होती. म्हणाली, "चला. हे टपालाने पाठवायचं नाही, हातात नेऊन द्यायचं."

आयकर कचेरीत मी लिहून देऊन आलो. हैबतराव यांनी लिहिलेले आकडे खरे आहेत, मागील चार वर्षांच्या कागदांवरील माझी सही मी न वाचता केली आहे, त्यातील पीक मी पाहिलेले नाही कारण ते नव्हते, आणि हैबतराव यांना अकरा लाख रुपये कधीही दिलेले नाहीत. याची सही-शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे, पिंकीच्या अर्जाला लाव.

तिथल्या बाई तरुण होत्या. वाचून म्हणाल्या, "आजोबा, घरी विचारून आलात ना? चुकवलेला कर, त्याच्यावर व्याज, आणि दंड त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या मुलाचं आहे हे." मी यंत्र काढून खिशात ठेवलं होतं, पण ते सगळं ऐकू आलं. सरोजिनी म्हणाली, "आमच्याच मुलाचं आहे म्हणून आलो."

मी चाळीस जास्त म्हणत होतो. अजूनही कदाचित म्हणेन, तो वाद तुझ्याशी आयुष्यभर घालीन. पण जास्त वाटला तर भांडायचं, लिहायचं, मत द्यायचं. दुसऱ्याच्या पोरीच्या फीतून वळता करायचा नाही. एवढं साधं माझ्या मुलाला कुठल्या इयत्तेत शिकवायचं राहून गेलं, ते शोधतो आहे.

सुश्रुतला फोन करून सरोजिनीनेच सांगितलं. त्याने मधेच फोन ठेवला. त्यानंतर सहा दिवस फोन नाही. शेत त्याच्या नावावर आहे. तो ते तुझ्याकडून काढून घेईल अशी मला भीती आहे, आणि मी काही करू शकणार नाही. तुला खरं बोलल्याचं हे मिळणार. मला माफ कर असं लिहायलाही हात धजत नाही.

तुझा,
मोरोपंत

*

वरचीवाडी,
१४ एप्रिल २०२५

मोरोपंतांस आणि वहिनींस हैबतचा नमस्कार.

प्रत पोचली. पिंकीने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली आहे, कॉलेज उघडलं की नेईल. मला ती तीनदा वाचावी लागली.

सुश्रुतबाबा काल आला होता. तुम्हाला त्याने कळवलं नसेल, म्हणून लगेच लिहितो.

मी गोठ्यात होतो. शेजारच्या शेतातल्या इंदुबाईचा नातू धावत आला. "आजा, आमच्या वावरात एक सायब आलाय नि आजीवर वरडतोय." मी गेलो. इंदुबाईने बोअर मारल्यापासून तिच्याकडं उन्हाळ्यातही कलिंगडं आणि मिरची असते, हिरवंगार. तिथं मधोमध सुश्रुतबाबा उभा, हातात कागद. म्हणत होता, "हे माझं शेत आहे, तुम्हाला इथे कुणी लावायला सांगितलं?" इंदुबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मला बघून म्हणाली, "हैबतभाऊ, ह्यो कोन रं? माजी मिरची याची म्हनतो."

मी सांगितलं, "हा मोरोपंतांचा सुश्रुत." ती एकदम निवळली. "आगो बाई, केवढा झाला. बाला, तुजा वावर तो पलीकडचा."

तो पलीकडं बघायला लागला. पंत, चैत्रात आपलं शेत कसं दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. भाताचे सड, वालाची वाळकी काटकं, भेगा. एक बगळा सुद्धा बसत नाय. मी पुढं झालो, तो मागून आला. बांधावर उभं राहून मी त्याला चारी हद्दी दाखवल्या. जांभळीपासून इंदुबाईच्या कुंपणापर्यंत, आणि खाली पाटापर्यंत.

तो सगळीकडं बघून झाल्यावर म्हणाला, "एवढंच?"

म्हटलं, "एवढंच."

एका सालात एक कोटी चाळीस लाख त्याने इथून काढले होते, पण इथं तो पहिल्यांदा उभा होता. खाली वाकून त्याने एक ढेकूळ उचललं, बघितलं, आणि कुठं ठेवायचं ते न कळून हातातच धरून राहिला. दुसऱ्या हातात कागद होता. तो त्याने माझ्यापुढं केला नाय. शेत सोड असं मला म्हणायला आला होता की सही मागायला, ते मी विचारलं नाय आणि त्याने सांगितलं नाय.

जाताना गाडीपाशी थांबून म्हणाला, "काका, बाबांनी खरंच स्वतःच्या हाताने लिहून दिलं?"

म्हटलं, "व्हय."

"आणि आई?"

"त्या बरोबर होत्या."

तो गाडीत बसला. काचा वर केल्या. मी गुरांना पाणी दाखवून परत आलो तरी गाडी तिथंच उभी होती, सुरू न केलेली.

तुमचा,
हैबत